पाण्याच्या प्रश्नाचे दोन मार्क

अंधेरीच्या एका समुपदेशन केंद्राच्या मॅडमनी मरोळच्या एका आईला फसवलं. जी टेस्ट त्यांनी घेतलीच नव्हती आणि जी मुलगी त्यांनी धड पाहिलीही नव्हती, तिच्या रिपोर्टवर त्यांनी सही केली. टेस्ट मी घेतली होती. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि ती टेस्ट घ्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. त्या आईला केंद्रात घेऊन जाणारीही मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘पण तू स्वतः काय केलंस?’ असं विचारायला कुणाला मधेच थांबावं लागणार नाही. मॅडमनी ते विचारलंच होतं. तेही पुढे येईल.

बारावीपासून मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या गेटबाहेर गाऊन, लेगिंग आणि परकर विकायचे. राहायला आम्ही जोगेश्वरी पूर्वेला, चाळीत. आजोबा गिरणीत होते, गिरणी गेली तसे वडील एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाले. कॉलेज सकाळचं होतं. लेक्चर संपलं की मी मोठी कापडी पिशवी घेऊन सरळ मरोळ गाठायचे, कारण एक ते दोन गाळ्यांतल्या बायकांची जेवणाची सुट्टी. पॅकिंगवाल्या, लेबल लावणाऱ्या, इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवणाऱ्या. डबा पंधरा मिनिटांत खाऊन त्या बाहेर यायच्या आणि उरलेल्या पाऊण तासात माझा जीव खायच्या.

त्यात एक वहिनी होती. आमच्यासारखीच कोकणातली, एका औषधाच्या गाळ्यात खोके भरायची.

“अडीचशे? गो बाय, सोन्याची जर हा काय ह्येका?”

“वहिनी, हात लावून बघा. दोन धुण्यांत आटला तर परत आणा.”

“दोन धुण्यांनी तू खंय गावतलंस माका! दीडशे घे.”

“दीडशेत बाही देते. अंग पुढच्या महिन्यात घेऊन जा.”

ती हसायची, पिशवीकडे पाठ करायची आणि गेटकडे चालू लागायची. मी तिला एकदाच हाक मारायचे. दुसऱ्यांदा हाक मारली की विकणारीची वाट लागली, हे मला धंद्याच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तीही ते जाणून होती. पहिल्या हाकेला वळायची, दोनशेवर जमायचं, आणि दोघींना वाटायचं आपण जिंकलो. तीन वर्षं हेच चाललं. तिच्या घरची सगळी माहिती मला त्या पाऊण तासांतून मिळाली होती आणि माझी तिला.

मानसशास्त्र मी घेतलं याचं कारणही तोच पाऊण तास. पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला प्राध्यापिकेने एकेकीला उभं करून विचारलं, हाच विषय का? कुणी म्हणालं, लोकांना मदत करायची आहे. कुणी म्हणालं, स्वतःला समजून घ्यायचं आहे. मी म्हणाले, “समोरची बाई कुठल्या भावाला थांबणार ते मला कळतं. ते का कळतं हे पुस्तकात असेल तर वाचायचं आहे.” वर्ग हसला. प्राध्यापिका हसल्या नाहीत, पण पुढे तीन वर्षं त्यांनी मला उदाहरण म्हणून वापरलं.

अभ्यास मला आवडला हे खरं आहे. मी तो आवडून केला म्हणूनच आजही चीड येते. स्मरण, प्रेरणा, चाचण्यांची विश्वसनीयता, सगळं पाठ होतं. एखादा बुद्ध्यांक म्हणजे एकच ठाम आकडा नसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना चुकीला जागा धरावी लागते, आणि मूल ज्या भाषेत, ज्या वस्तीत वाढलं त्या बाहेरची टेस्ट त्याला लावली तर आकडा काहीही येऊ शकतो. हे मी तिसऱ्या वर्षी पेपरात लिहिलं होतं. आकृतीसकट.

शेवटच्या वर्षी सगळ्यांना इंटर्नशिपचं वेड लागलं. एम.ए.च्या मुलाखतीत अनुभवाचं सर्टिफिकेट मागतात, नसेल तर पुढची मुलगी बोलावतात, असं सीनियर सांगायच्या. माझ्या बाकावरची मुलुंडची मुलगी एका आठवड्यात लागली. वडिलांचे मित्र मानसोपचारतज्ज्ञ.

“अगं, मी तुझ्यासाठी पण विचारते ना,” ती म्हणाली.

आठ दिवसांनी मी विचारलं, “काय झालं गं?”

“अगं, तिकडे ना फक्त ओळखीतलेच घेतात.”

“मग मी काय अनोळखी आहे? तीन वर्षं माझ्या नोट्स झेरॉक्स करतेस.”

“चिडतेस काय यार लगेच!”

चिडले. नोट्स परत मागितल्या. तिने दिल्या, आणि त्यानंतर आम्ही बोललो नाही. ती वाईट नव्हती. तिला आयतं मिळालं होतं आणि ते आयतं आहे हे तिला दिसत नव्हतं, एवढंच.

मी फोन करत सुटले. बोरिवली, घाटकोपर, अंधेरी. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट: इंटर्नशिपची फी इंटर्ननेच भरायची. काम मी करणार, आणि काम करू दिल्याबद्दल पैसेही मीच देणार! गेटवर कुणी माझ्यापुढे असा सौदा मांडला असता तर मी पिशवी उचलून घरी गेले असते.

अंधेरी पश्चिमेच्या त्या केंद्रात मी फोन न करता गेले. दुसरा मजला, काचेचं दार, आत एसी. मॅडमना वेळ नव्हता म्हणून तासभर बाहेरच्या सोफ्यावर बसवलं. त्या तासात मी बघून घेतलं. आलेल्या पाच आयांपैकी तीन जणी इंग्रजी फॉर्म हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. रिसेप्शनवरची मुलगी हिंदीत काहीतरी समजावत होती आणि कंटाळत होती. एक बाई तर फॉर्म पर्समध्ये घालून उठूनच गेली.

आत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “आमच्याकडे साठ तासांची इंटर्नशिप असते. फीचं रिसेप्शनवर विचारलंस?”

मी म्हटलं, “मॅडम, तुमच्याकडे मराठी बोलणारं कोण आहे?”

“म्हणजे?”

“आत्ता तासाभरात तुमची एक आई फॉर्म घेऊन निघून गेली. मी असते तर गेली नसती. फॉर्म मी भरून घेईन, आयांशी मी बोलेन. मराठीत म्हणा, मालवणीत म्हणा. फी नाही देणार. आणि तास एकशे वीस.”

त्या हसल्या. “तू सेल्समध्ये का नाही जात?”

“तिथूनच येतेय.”

शंभर तासांवर जमलं. जिना उतरताना मी स्वतःवर इतकी खूश होते की बसची वाट न बघता चालत स्टेशनपर्यंत आले. मुलुंडवालीला वडिलांच्या ओळखीने मिळालं ते मी तोंडाच्या जोरावर फुकटात मिळवलं होतं. आपण नेमकं काय विकलं, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. मी माझी भाषा विकली होती. जिथे मॅडमना स्वतः बसावं लागलं असतं तिथे त्यांना आता मी मिळाले होते.

पहिले दोन आठवडे फॉर्म भरले. मग एका टेस्टला कोपऱ्यात बसून बघितलं, दुसऱ्या टेस्टला बघितलं. तिसऱ्या टेस्टच्या मध्यात मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या ते आल्याच नाहीत, ती मी पूर्ण केली. चौथीपासून त्या खोलीत यायच्या बंद झाल्या. टेस्टच्या सामानाची निळी बॅग उघडायची, ठोकळे काढायचे, चित्रांची कार्डं लावायची, स्टॉपवॉच सुरू करायचं. मॅन्युअल इंग्रजीत होतं. मराठी मी जागच्या जागी तोंडी करायचे. कुणी हरकत घेतली नाही आणि मीही विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते झकास जमत होतं. आया मला ‘डॉक्टर’ म्हणायला लागल्या होत्या. एकदाही मी त्यांना थांबवलं नाही.

जानेवारीत वहिनीने गेटवर गाऊन न बघताच मला बाजूला घेतलं. तिची मुलगी सात वर्षांची, दुसरीत. नवरा-बायकोने जीव काढून तिला इंग्रजी शाळेत घातलं होतं. घरात सगळे मालवणी, आजूबाजूला हिंदी, आणि शाळेत बाईंनी इंग्रजीत विचारलं की पोरगी गप्प. बाई म्हणाल्या, ‘स्लो आहे, रिपोर्ट आणा, नाहीतर पुढच्या वर्षी ठेवता येणार नाही.’

“रिपोर्ट म्हंजे रक्ताचो काय गो?” वहिनीने विचारलं.

“नाही वहिनी, बुद्धीची टेस्ट असते. आमच्या सेंटरला घेऊन या. मीच घेते.”

‘आमच्या’ म्हणाले मी. ‘मीच घेते’ असंही म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्या डोळ्यांदेखत उतरला. मॅडमशी भांडून मी तिची फी अर्ध्यावर आणली आणि तेही तिला फुशारकीने सांगितलं.

शनिवारी सकाळी दोघी आल्या. मुलीला गणपतीतला फ्रॉक घातला होता, दोन घट्ट वेण्या, शाळेच्या लाल रिबिनी. खोलीत शिरताच तिने आधी वर बघितलं.

“हंय पंखो नाय?”

“एसी आहे ना.”

“मगे खिडकी कित्याक हा?”

मला हसू आलं. असा प्रश्न त्या खोलीत आजवर कुणी विचारला नव्हता. टेस्टमध्ये त्याला मार्क नव्हते.

ठोकळे तिने बरोबर लावले, पण प्रत्येक ठोकळ्याची कड शेजारच्या कडेला नीट जुळवत बसली आणि वेळ संपला. चित्रं चांगली केली. शब्दांचे प्रश्न आले तशी मिटली. मी इंग्रजीत विचारलं, गप्प. शाळेतल्यासारख्या मराठीत विचारलं, एकेक शब्द. मालवणीत विचारलं असतं तर धडाधड बोलली असती, हे मला तिने पंख्याचं विचारलं तेव्हाच कळलं होतं. पण प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचा, एकदाच पुन्हा सांगायचा, मदत करायची नाही, असा नियम होता. नियम पाळणारी हुशार इंटर्न म्हणून माझं नाव होतं.

मग एक प्रश्न आला: घरात नळाला पाणी आलं नाही तर तू काय करशील?

ती एकदम ताठ बसली. पहिल्यांदाच पूर्ण वाक्य आलं.

“कळशी लायनीत ठेवन. कळशी नसली तर चप्पल.”

“चप्पल?”

“माझी चप्पल आई वळाखता. कोणी हलवल्यान तर ती भांडता.”

“मग तू अनवाणी उभी राहतेस?”

“एक पायात आसता मा!”

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या चाळीचा नळ उभा राहिला. आमच्या नंबराला आई भोक पडलेला रंगाचा डबा ठेवायची. तो डबा म्हणजे आई तिथे उभी आहे, असं साऱ्या चाळीने धरायचं. डबा हलवणाऱ्याशी आठ दिवस कुणी बोलायचं नाही. मीही कितीदा एका पायात चप्पल घालून घरापर्यंत लंगडत आले होते. त्या मुलीच्या घरात नळच नव्हता, आणि तरीही पाणी न आल्यावर काय करायचं हे त्या इमारतीत कुणापेक्षाही तिला जास्त कळत होतं.

मॅन्युअल उघडलं. मोठ्या माणसाला सांगेन, पाणी का नाही ते बघायला सांगेन: दोन मार्क. वाट बघेन: एक. बाकी सगळं शून्य.

ती माझ्याकडे बघत होती, उत्तर बरोबर आलं या खात्रीने. मी शून्य लिहिलं.

दुपारी बेरीज केली. तीनदा केली. एकोणसत्तर. त्या केंद्रात सत्तरच्या खालच्या सगळ्या मुलांसाठी एकच ठरलेला रिपोर्ट होता, बौद्धिक अक्षमतेचा. वर गेलं की दुसरा. पाण्याचे दोन मार्क धरून मी पुन्हा तक्ते बघितले. सत्तर ओलांडत होतं.

कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्या मखाणे खात होत्या.

“मॅडम, एक उत्तर बघाल? मुलीने बरोबर सांगितलंय, मॅन्युअलमध्ये नाहीये.”

त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. “मॅन्युअलमध्ये चप्पल आहे?”

“नाही. पण तिच्या घरात नळच नाही. प्रश्नच तिच्यासाठी...”

“नाही ना? मग झिरो.”

“मॅडम, तुम्ही एकदा तिच्याशी बोला. आई अजून बाहेर बसलीय. पाच मिनिटं. ही मुलगी तशी नाहीये.”

“हे बघ, हा तुझा बाजार नाही. टेस्टशी घासाघीस करायची नसते.” मग त्यांनी हात पुसला आणि कोपराजवळचं प्लास्टिकचं फोल्डर पुढे ओढलं. आत माझं सर्टिफिकेट होतं, बिनसहीचं. एम.ए.चा अर्ज भरायला चार दिवस होते, हे त्यांना ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. “हे आज देऊ की सगळे रिपोर्ट झाल्यावर देऊ?”

गावातल्या भाजीवालीपासून वसाहतीच्या ठेकेदारापर्यंत कुणाच्याही पुढे मी एक रुपया सोडलेला नाही. त्या दिवशी मी म्हणाले, “आज द्या.”

बाहेर आले तेव्हा वहिनी सोफ्याच्या अगदी कडेवर बसली होती, मुलगी काचेच्या दारावर बोटाने रेघा ओढत होती. मी दोघींना बसपर्यंत सोडलं. सर्टिफिकेट माझ्या पिशवीत होतं.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. दोन पानं. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी मुलीचा मुलगा झाला होता, म्हणजे आधीच्या कुणाच्या रिपोर्टवरून उतरवलेला. वहिनी तो दुधाच्या पिशवीत गुंडाळून गेटवर घेऊन आली.

“काय लिवला हा गो बाय त्याच्यात? माका इंग्रजी वाचूक येणा नाय.”

मी वाचलं. मला काय लिहिलंय ते वाचायच्या आधीपासून माहीत होतं.

“अभ्यासात थोडी मदत लागेल म्हणून लिहिलंय.”

“इतक्याच? मगे बरां.” आणि तिने माझ्या हातावर एक खोबऱ्याची वडी ठेवली.

शाळेने रिपोर्ट वाचला, तिला बोलावलं, आणि आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही म्हणून मुलीचा दाखला हातात दिला. तिथेच कुणीतरी तिला मराठीत सांगितलं रिपोर्टात काय आहे ते. माझ्याकडून कळायला हवं होतं, ते शाळेच्या शिपायाकडून कळलं.

ती माझ्याशी भांडली नाही. महिनाभर गेटवर आलीच नाही. तिच्या गाळ्यातल्या बायका सांगायच्या, पोरीला सोबत आणते, खोक्यावर बसवते. पोरगी दिवसभर भरलेले खोके मोजते आणि एकदा सुपरवायझरला म्हणाली, तीन कमी आहेत. त्याने मोजले तर तीन कमी होते. बायका हे कौतुकाने सांगायच्या. मला ते ऐकवत नसे.

मग एक दिवस वहिनी आली. वरचाच गाऊन उचलला.

“कितीक?”

“अडीचशे,” मी सवयीने म्हणाले.

तिने पर्समधून अडीचशे काढले, माझ्या हातात दिले आणि निघाली.

“वहिनी, अहो, दोनशे!” ती चालत राहिली. “वहिनी!” मी दुसऱ्यांदा हाक मारली. ती गेटमधून आत गेली.

मला एम.ए.ला प्रवेश मिळाला. मुलाखतीत सर्टिफिकेट बघून एक सर म्हणाले, चांगला अनुभव आहे. पहिल्याच सत्रात शिकवलं की अशी टेस्ट कोण घेऊ शकतं, कोण नाही, आणि निव्वळ एका आकड्यावरून कुठल्याही मुलावर शिक्का मारता येत नाही, मूल घरी-दारी कसं वागतं हे तपासावंच लागतं. मी बाकावर बसून हे उतरवून घेत होते आणि माझे कान तापले होते. मला हे आधी माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. निम्मं तर मीच पेपरात लिहिलं होतं.

त्या आठवड्यात मी वहिनीच्या घरी गेले, मरोळला पाइपलाइनजवळ. दारातच सांगितलं: टेस्ट चुकीची होती, मी घेतली होती, मला घ्यायचा हक्क नव्हता, आणि तुम्हाला मी खोटं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

“मगे आता कित्याक इलंस?”

“सरकारी हॉस्पिटलमध्ये परत करून घेऊ. मी बाहेर बसेन. हातही लावणार नाही.”

एक खडा वेचून बाजूला टाकत ती म्हणाली, “कागद देतले?”

“देतील.”

“मराठीत?”

तिला फक्त तेवढंच विचारायचं होतं.

हॉस्पिटलमधल्या बाईंनी दोन दिवस घेतले. मुलीशी बोलल्या, आईशी बोलल्या, कानही तपासून घेतले. मराठीतली चाचणी वापरली. निकाल असा की मुलीची बुद्धी वयाला साजेशी आहे, अडचण शाळेच्या भाषेची आहे, मराठी माध्यमात घाला. हॉस्पिटलचा नंबर लागून, कागद हातात येऊन पुढचा जून उजाडेपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळाला, तोही तिच्याहून लहान मुलांच्या वर्गात. आणि तिथे जुन्या शाळेच्या कागदांबरोबर पहिला रिपोर्ट येऊन पडला. मुख्याध्यापक म्हणाले, “दोन रिपोर्ट आहेत. आम्ही कुठला मानायचा? पहिला ज्यांनी दिला त्यांच्याकडून तो रद्द असल्याचं लेखी आणा.” तोवर मुलगी मागच्या बाकावर. वर्गात तिला कुणी प्रश्न विचारत नाही, कारण फाइलमध्ये लिहिलंय.

म्हणून मी मॅडमकडे गेले. केंद्र आता मोठं झालंय, शेजारचा फ्लॅटही घेतलाय. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेल्या चार इंटर्न होत्या. एकीच्या हातात निळी बॅग होती.

“तूच घेतली होतीस ना टेस्ट?” मॅडम म्हणाल्या. “मी तुझ्यावर विश्वास टाकला. आता चूक माझी?”

“सही कुणाची आहे?”

“शिकणाऱ्या मुलींना संधी द्यायची, आणि वर हे ऐकून घ्यायचं!”

“संधी? मॅडम, तुम्ही त्या मुलीला कधी पाहिलंत? तिच्या रिबिनीचा रंग सांगा. ती मुलगी आहे हे तरी माहीत होतं का? तुमच्याच रिपोर्टात मुलगा लिहिलंय!”

माझा आवाज बाहेर सोफ्यापर्यंत गेला. रिसेप्शनवाली धावत आली, “दीदी, आवाज कम करो ना.” मी आणखी चढवला. सोफ्यावरच्या आया माना वळवून बघत होत्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “लेखी देणं म्हणजे चूक कबूल करणं. एवढंच वाटत असेल तर तू दे लेखी.”

मी दिलं. त्याच दिवशी. टेस्ट मी घेतली, अधिकार नव्हता, एका प्रश्नाला मुद्दाम शून्य दिलं, खाली नाव आणि सही. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि विचारलं, “पण तुम्ही कोण? रिपोर्टात तुमचं नावच नाही.”

घरी येऊन मी ते सर्टिफिकेट काढलं. या दोन वर्षांत मी त्यावरची सही बघितली होती, शिक्का बघितला होता, मजकूर नीट वाचला नव्हता. त्यात लिहिलंय: शंभर तास निरीक्षण. टेस्ट घेतल्या असं कुठेही नाही. चलाखी चांगली होती. इंटर्नकडून टेस्ट करून घेतल्याचा पुरावाच नको म्हणून. सगळं काम मी कोपऱ्यात बसून फक्त बघितलं, असं मॅडमच्या सहीने, मॅडमच्या शिक्क्याने लिहिलंय.

ठीक आहे, मॅडम. तुमचाच कागद धरू. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेल. मी फक्त बघत होते, तर मग त्या शनिवारी त्या मुलीची टेस्ट घेतली कुणी? तुम्ही. तिला शून्य कुणी दिलं? तुम्ही. एकोणसत्तर कुणाचे? तुमचे. आणि तुम्ही घेतली नसेल तर हे सर्टिफिकेट खोटं आहे, आणि तसलीच खोटी सर्टिफिकेटं आत्ता त्या चार मुलींसाठी छापून तयार असतील. दोन्हींतलं एक निवडा. सर्टिफिकेट खोटं ठरलं तर माझा एम.ए.चा प्रवेश त्यावर उभा आहे, हे मला कळतं. दोन वर्षांपूर्वी मी त्यासाठी गप्प बसले. आता ज्याला ते तपासायचं असेल त्याने तपासावं.

माझं मागणं एका कागदाचं आहे. तुमच्या लेटरहेडवर, मराठीत, तारीख घालून: त्या मुलीला मी तपासलं नव्हतं, तो रिपोर्ट रद्द समजावा. तो माझ्याकडे पाठवू नका. मरोळला पाइपलाइनजवळ जाऊन तिच्या आईच्या हातात द्या आणि तिने विचारलं, काय लिवला हा त्याच्यात, की तिला स्वतः वाचून दाखवा.

कधी जाताय?